गावाकडचे होम असिस्टंट बाहेरून उघडण्यासाठी रिव्हर्स प्रॉक्सी: सीजीनॅट, वेबसॉकेट आणि लाईट येऊनही बंद राहणारा टनेल

मांजराकाठ (औसा तालुका, मुक्काम नांदेड)

नमस्कार मंडळी. औसा तालुक्यातील गावी माझे आई-वडील राहतात आणि मी नोकरीनिमित्त नांदेडला असतो. शेत घराला लागूनच आहे, बोअर घरामागे आहे आणि थ्री फेज लाईट पाळीप्रमाणे कधी दिवसा तर कधी रात्री येते. रात्रीची पाळी असली की वडील अडीच-तीन वाजता बॅटरी हातात घेऊन गवतातून स्टार्टरच्या पेटीपर्यंत जात असत. पावसाळ्यात त्या वाटेवर दोनदा साप दिसला, तेव्हा हे थांबवायचेच असे मी ठरवले. रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर (पुढे त्याला नुसते 'पाय' म्हणतो) डॉकरमध्ये होम असिस्टंट, म्हणजे घरातील उपकरणे चालवणारे सॉफ्टवेअर, बसवले, टाकीवर पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर लावला आणि गावच्या वायरमनकडून स्टार्टरजवळ रिले बसवून घेतला.

घरातल्या घरात हे सगळे पहिल्या दिवसापासून नीट चालले. होम असिस्टंट ८१२३ या पोर्टवर चालते. घरच्या वायफायवर पायचा पत्ता आणि पुढे ८१२३ टाकले की पान उघडते. मात्र नांदेडहून ते उघडायची वेळ आली तेव्हा अडचणी सुरू झाल्या आणि त्यातील दोन सोडवण्यात माझे जवळजवळ दोन महिने गेले. तिसरी अजून सुटलेली नाही, तिच्यासाठीच हा धागा काढत आहे. सुटलेल्या दोन अडचणीही सविस्तर लिहितो, कारण आपल्या भागात ज्यांनी गावाकडे अशी व्यवस्था केली आहे त्यांना त्या येणारच.

सुरुवातीला मी सर्वांप्रमाणे राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग केले, म्हणजे बाहेरून आलेली विनंती पायकडे वळवायला सांगितले. दोन शनिवार-रविवार त्यात घालवले, पण बाहेरून काहीच पोहोचेना. शेवटी राउटरच्या माहितीच्या पानावर डब्ल्यूएएन पत्ता (राउटरचा इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) पाहिला, तर तो १०० पासून सुरू होत होता आणि 'माझा आयपी' सांगणाऱ्या संकेतस्थळावर मात्र वेगळाच पत्ता दिसत होता. यालाच सीजीनॅट म्हणतात. जगात आयपीव्ही४ पत्ते अपुरे पडल्यामुळे इंटरनेट पुरवठादार अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात आणि आतल्या बाजूला १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ या पट्ट्यातील पत्ते वाटतात. हा पट्टा २०१२ साली याच कामासाठी राखून ठेवण्यात आला. जुन्या वाड्याचा दिंडी दरवाजा एक आणि आत चाळीस बिऱ्हाडे अशी ही रचना आहे. आतला माणूस बाहेर गेला तर दरवाज्यावरचा राखणदार त्याला ओळखून परत आत घेतो, पण बाहेरून कोणी नुसता वाड्याचा पत्ता घेऊन आला तर त्याला कोणत्या बिऱ्हाडाकडे पाठवावे हे राखणदाराला कळण्याचा मार्गच नसतो. आपण आपल्या बिऱ्हाडाचे दार कितीही उघडे ठेवले तरी उपयोग होत नाही.

आता वाटते की तो प्रयत्न फसला हे बरेच झाले. तो यशस्वी झाला असता तर माझा पासवर्ड कोणत्याही आवरणाशिवाय (एन्क्रिप्शनशिवाय) साध्या एचटीटीपीवरून गेला असता आणि मोटारीचा स्विच साऱ्या जगासमोर उघडा पडला असता.

मग मी उलटी रचना केली. एक लहान व्हीपीएस (इंटरनेटवरचा भाड्याचा सर्व्हर) घेतला, त्याला स्वतःचा सार्वजनिक पत्ता आहे. घरचा पाय वायरगार्ड या व्हीपीएन प्रोग्रामने त्या सर्व्हरला बाहेर जाऊन जोडतो (या बंदिस्त जोडणीलाच टनेल म्हणतो), म्हणजे वाड्यातला माणूस स्वतःहून बाहेर पडतो. टनेलमध्ये सर्व्हरचा पत्ता १०.८.०.१ आणि पायचा १०.८.०.२ आहे. सीजीनॅटच्या यंत्राने ही जोडणी विसरू नये म्हणून घरच्या बाजूला 'पर्सिस्टंट कीपअलाइव्ह' २५ सेकंद ठेवले आहे. सर्व्हरवर एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर प्रोग्राम ४४३ पोर्टवर बसतो, लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचे एचटीटीपीएससाठीचे सर्टिफिकेट दाखवतो आणि आलेली विनंती टनेलमधून १०.८.०.२ च्या ८१२३ वर पोहोचवतो. रिव्हर्स प्रॉक्सी म्हणजे एवढेच: बाहेरचा माणूस फक्त सर्व्हरशी बोलतो आणि घराचा पत्ता त्याला कधीच दिसत नाही.

पहिली अडचण अशी आली की पान उघडण्याऐवजी '४००, बॅड रिक्वेस्ट' एवढेच दिसत होते. एन्जिनएक्स येणाऱ्याचा मूळ पत्ता 'एक्स फॉरवर्डेड फॉर' या हेडरमध्ये (विनंतीसोबत जाणारी माहितीची ओळ) लिहून पुढे पाठवतो, आणि होम असिस्टंटच्या २०२१.७ या आवृत्तीपासून असा हेडर अनोळखी प्रॉक्सीकडून आला तर विनंती सरळ नाकारली जाते. त्यासाठी कॉन्फिगरेशनच्या यॅमल फाइलमध्ये 'एचटीटीपी' विभागाखाली 'यूज एक्स फॉरवर्डेड फॉर' चालू करून 'ट्रस्टेड प्रॉक्सीज' मध्ये १०.८.०.१ लिहावे लागले. दुसरी अडचण याहून फसवी होती. प्रवेशाचे पान आले, पासवर्ड स्वीकारला गेला आणि त्यानंतर जोडणी होत नाही, ६० सेकंदांनी पुन्हा प्रयत्न करत आहोत, असा संदेश दिसत राहिला. कारण होम असिस्टंटचा पुढचा सगळा कारभार वेबसॉकेटवर, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरमधील सतत उघड्या राहणाऱ्या जोडणीवर, चालतो आणि एन्जिनएक्स ती मागणी आपणहून पुढे नेत नाही.

तिसरी अडचण मात्र मला उमगलेली नाही. गावी लाईट गेली की पाय आणि राउटर दोन्ही बंद पडतात, ते समजण्यासारखे आहे. परंतु लाईट आल्यावर राउटर सुरू होतो, पाय सुरू होतो, घरात होम असिस्टंट उघडते, तरीही टनेल जोडला जात नाही आणि नांदेडहून उघडल्यास एक मिनिट वाट पाहून '५०४' (पलीकडून वेळेत उत्तर नाही) येतो. मी वहीत नोंदी ठेवल्या आहेत. सोमवारी लाईट सव्वा तास गेली होती, आल्यानंतर टनेल दोन तास बंद राहिला. बुधवारी वीस मिनिटे गेली, टनेल पन्नास मिनिटे बंद. शनिवारी रात्री वारा-पावसात साडेचार तास गेली, आल्यानंतर टनेल पाच तास बंद. काहीही न करता तो नंतर आपोआप जोडला जातो. घरचा पाय पुन्हा सुरू केला तर फरक पडत नाही, पण सर्व्हरवरचे वायरगार्ड बंद करून पुन्हा चालू केले की तत्क्षणी जोडला जातो. ज्या रात्री लाईट जाते-येते त्याच रात्री मोटारीचा प्रश्न असतो, म्हणून हे सुटणे मला फार गरजेचे आहे.

---

दुधनाकाठ (परभणी)

सविस्तर लिहिल्याबद्दल धन्यवाद. माझ्याही राउटरवर पत्ता १०० ने सुरू होतो हे आत्ताच पाहिले. वर्षभर मी राउटर खराब आहे असे समजत होतो. १०० नंतरचा आकडा ६४ ते १२७ च्या दरम्यान असेल तरच ते सीजीनॅट, असे समजायचे ना? आणि पुरवठादाराकडे स्थिर सार्वजनिक पत्ता मागितला तर हा सर्व्हरचा खटाटोप वाचेल का?

---

मांजराकाठ

होय, दुसरा आकडा ६४ ते १२७ असेल तर नक्कीच. काही ठिकाणी त्याऐवजी १० ने सुरू होणारा पत्ताही देतात, त्यामुळे खात्रीची पद्धत एकच: राउटरवरचा पत्ता आणि बाहेरून दिसणारा पत्ता जुळतात का ते पाहणे.

स्थिर पत्ता मी मागितला होता. आमच्या गावच्या पुरवठादाराने आधी होय म्हटले, पैसे घेतले आणि महिनाभराने त्या भागात ती सोय नसल्याचे सांगितले. आपल्याकडे मिळत असेल तर जरूर घ्यावा, पण तेव्हाही रिव्हर्स प्रॉक्सी टाळू नये. तो मग घरातच बसवावा, राउटरवरून फक्त ४४३ पोर्ट त्याच्याकडे वळवावा आणि ८१२३ बाहेर कधीही उघडू नये.

---

सिंदफणा (बीड)

मी वीसेक वर्षे मोटारींची आणि स्टार्टरची कामे करतो. नेटवर्कचे मला फारसे कळत नाही, परंतु मोटारीबद्दल दोन गोष्टी स्पष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे.

पहिली गोष्ट म्हणजे, ते छोटे निळे रिले थ्री फेज मोटारीचा भार घेण्यासाठी नसतात. रिलेने फक्त स्टार्टरमधील कॉन्टॅक्टरच्या कॉइलला चालू-बंद करावे, भार कॉन्टॅक्टरनेच घ्यावा, आणि ओव्हरलोड रिले व सिंगल फेज प्रिव्हेंटर जसेच्या तसे मध्ये राहावेत. ते काढून टाकून थेट जोडणी केलेल्या दोन मोटारींचे वाइंडिंग जळालेले मी गेल्याच वर्षी पाहिले. हाताने बंद करण्याचे लाल बटणही सदैव चालले पाहिजे, मग वर काहीही बसवलेले असो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. मोटार बंद करण्याचा निर्णय नांदेडला किंवा त्या सर्व्हरवर अवलंबून ठेवू नका. बोअरचे पाणी खाली गेले आणि त्याच वेळी तुमचा टनेल तुटला तर मोटार कोरडी चालत राहील. बंद करण्याची अक्कल मोटारीजवळच असली पाहिजे.

आणखी एक. लाईट आल्या आल्या गावातल्या सगळ्या ऑटोच्या मोटारी एकदम सुरू होतात, डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) ताण येतो आणि व्होल्टेज पडते. तुमची मोटार निदान पाच-सात मिनिटे थांबून सुरू व्हावी अशी व्यवस्था करा. डीपी जळाला तर साऱ्या शिवाराचे पाणी बंद होते, आणि नवा डीपी बसेपर्यंत उभे पीक वाट पाहत नाही.

---

मांजराकाठ

दादा, आपले सांगणे शब्दशः पाळतो. कॉन्टॅक्टर, ओव्हरलोड आणि लाल बटण जागेवरच आहेत. परंतु दुसऱ्या मुद्द्यात माझी चूक होती: टाकी भरली की मोटार बंद करण्याचा नियम मी होम असिस्टंटमध्ये लिहिला होता, म्हणजे पाय बंद पडला तर मोटार चालूच राहिली असती. आज तो नियम ईएसपीहोम या सॉफ्टवेअरने तयार केलेल्या रिलेच्या चिपमध्येच टाकला आहे. चालू झाल्यापासून ४० मिनिटांत रिले स्वतःच सुटतो, वायफाय असो वा नसो. कोरड्या बोअरसाठी स्टार्टरच्या पेटीत ड्राय रन प्रिव्हेंटर या आठवड्यात बसवून घेत आहे. लाईट आल्यावर सहा मिनिटे थांबण्याचा नियमही त्याच चिपमध्ये घातला आहे.

---

पैठणगेट (छत्रपती संभाजीनगर)

आपल्या वहीतील तीन नोंदींमध्येच उत्तर आहे. टनेल बंद राहण्याचा काळ प्रत्येक वेळी लाईट गेलेल्या काळापेक्षा थोडा जास्त आहे: ७५ मिनिटांना १२०, वीसला पन्नास, २७० ला ३००. फरक अनुक्रमे ४५, ३० आणि ३० मिनिटे, म्हणजे कधीच एक तासाच्या वर गेलेला नाही. हा घड्याळाचा प्रश्न आहे.

रास्पबेरी पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते. रास्पबेरी पायची प्रणाली शेवटची वेळ अधूनमधून, साधारण तासातून एकदा, फाइलमध्ये लिहून ठेवते आणि सुरू होताना तीच वेळ उचलते. म्हणजे लाईट रात्री दहाला गेली आणि अडीचला आली, तर आपला पाय अडीच वाजता उठून म्हणतो की आता साडेनऊ वाजले आहेत. पुढे इंटरनेटवरून खरी वेळ मिळेपर्यंत तो त्याच मागच्या वेळेत जगतो.

आता वायरगार्डकडे या. जोडणीच्या पहिल्या संदेशात पाठवणाऱ्याची वेळ घातलेली असते आणि सर्व्हर प्रत्येक जोडीदाराकडून आलेली सर्वांत अलीकडची वेळ लक्षात ठेवतो. त्याहून जुन्या वेळेचा संदेश आला तर कोणीतरी आधी पकडलेला जुना संदेश पुन्हा पाठवत आहे असे मानून तो काहीही उत्तर न देता टाकून देतो. ही सुरक्षेची तरतूद आहे, दोष नव्हे. आपला पाय साडेनऊ म्हणतो, सर्व्हरला दहाचा संदेश आठवतो, म्हणून पायचे घड्याळ स्वतःच्या चालीने दहाच्या पुढे जाईपर्यंत दार उघडत नाही. सर्व्हरवर वायरगार्ड पुन्हा चालू केल्यावर लगेच जोडला जातो, कारण त्यामुळे सर्व्हरची ती आठवण पुसली जाते.

मात्र आपल्या नोंदींवरून पाहता एक गोष्ट जुळत नाही. वरच्या हिशेबाने टनेल लाईट आल्यानंतर जास्तीत जास्त तासाभरात जोडला जायला हवा होता, कारण घड्याळाला फक्त लाईट जाण्यापूर्वीच्या शेवटच्या संदेशापर्यंतच पोहोचायचे आहे. आपला टनेल सोमवारी आणि शनिवारी त्याहून कितीतरी जास्त वेळ बंद राहिला. म्हणून विचारते: दर वेळी लाईट एकदाच जाऊन आली होती का, की मध्ये काही मिनिटे येऊन पुन्हा गेली? आणि पायला इंटरनेटवरून वेळ का मिळत नाही? घरच्या वायरगार्डच्या फाइलमध्ये 'डीएनएस' (नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा) अशी ओळ आहे का? टनेल जोडलेला नसताना पायवर तारीख विचारणारी आज्ञा चालवून काय उत्तर येते तेही येथे लिहा.

---

मांजराकाठ

ताई, काल रात्री गावी येऊन मुद्दाम तपासले. मुख्य स्विच पाडून एक तास ठेवला आणि पुन्हा चालू केला. माझ्या मनगटावरच्या घड्याळात ९ वाजून १० मिनिटे झाली होती आणि पाय ७ वाजून ४७ मिनिटे सांगत होता. आठ वाजून चौदा मिनिटांनी, म्हणजे पायच्या हिशेबाने, टनेल जोडला गेला. स्विच पाडताना मी वेळ ८ वाजून १० अशी लिहून ठेवली होती. म्हणजे आपण सांगितलेला हिशेब चार मिनिटांच्या फरकाने जुळला आणि लाईट आल्यानंतर टनेल २७ मिनिटे बंद राहिला.

मग माझ्या वहीतील दोन-दोन आणि पाच-पाच तासांचे काय, याचा विचार केल्यावर माझीच चूक ध्यानात आली. त्या नोंदी मी नांदेडहून केल्या होत्या आणि 'टनेल बंद' हा काळ लाईट गेल्यापासून मोजला होता, आल्यापासून नव्हे. म्हणजे लाईट आल्यानंतरचा खरा काळ ४५, ३० आणि ३० मिनिटे, आपण काढलेला फरक तोच. धाग्याच्या सुरुवातीला मी 'आल्यानंतर' असे लिहिले ते चुकीचे होते. वाचणाऱ्यांची दिशाभूल झाली असेल तर क्षमस्व.

आणि होय, घरच्या फाइलमध्ये 'डीएनएस' ची ओळ होती आणि तिच्यात १०.८.०.१ लिहिले होते. एका मार्गदर्शक लेखातून पूर्ण फाइल उचलताना ती तशीच आली. यामुळे वेळ मिळत नव्हती का?

---

पैठणगेट

नोंद दुरुस्त केल्यामुळे सगळे जुळले. होय, गाठ त्या ओळीतच आहे. पायला खरी वेळ देणाऱ्या सर्व्हरचे नाव माहीत असते, पत्ता नाही. पत्ता विचारण्यासाठी डीएनएस लागतो, डीएनएस टनेलच्या पलीकडे आहे, टनेल जोडायला खरी वेळ लागते, आणि खरी वेळ मिळायला पत्ता लागतो. असे हे चक्र स्वतःतच अडकलेले आहे.

ती ओळ काढून टाका आणि राउटरचाच डीएनएस वापरा. 'अलाउड आयपीज' मध्ये (कोणत्या पत्त्यांची वाहतूक टनेलमधून जावी ते सांगणारी ओळ) ०.०.०.० भागिले शून्य, म्हणजे सगळे पत्ते, असे लिहिलेले असेल तर तेही बदलून फक्त १०.८.०.१ भागिले ३२ ठेवा. या टनेलचे काम प्रॉक्सीला घरापर्यंत आणणे एवढेच आहे. घराची बाकीची वाहतूक त्यातून नेण्याचे काही कारण नाही. याउपर शक्य असेल तर डीएस३२३१ चे घड्याळाचे मॉड्यूल पायच्या पिनांवर बसवा. त्यावर नाण्याएवढी बॅटरी असते आणि लाईट नसतानाही वेळ चालत राहते. गावाकडे लाईट आली तरी इंटरनेट त्यामागून अर्ध्या तासाने येते, तेव्हा पायला वेळ स्वतःची असलेली बरी. रात्रीच्या पाळीचे वेळापत्रक त्याच घड्याळावर चालते हे विसरू नका.

वेबसॉकेटबद्दल आपण थोडक्यात आटोपले, म्हणून नवीन वाचकांसाठी लिहिते. ब्राउझर आधी साधी एचटीटीपी विनंती करतो आणि तिच्यात 'अपग्रेड' व 'कनेक्शन' या दोन हेडरांतून ही जोडणी वेबसॉकेटमध्ये बदलण्याची मागणी करतो. हे दोन हेडर फक्त एका टप्प्यापुरते असतात, त्यामुळे मधला प्रॉक्सी ते पुढे देत नाही. म्हणून एन्जिनएक्सच्या लोकेशन विभागात 'प्रॉक्सी सेट हेडर' वापरून ते दोन्ही स्पष्टपणे लिहावे लागतात आणि 'प्रॉक्सी एचटीटीपी व्हर्जन' १.१ ठेवावी लागते. 'होस्ट' हेडरही मूळचाच पुढे द्यावा. या चार ओळी कळल्या की एन्जिनएक्सऐवजी कॅडी हा दुसरा वेब सर्व्हर वापरला तरी अडत नाही. कॅडी वेबसॉकेट आणि सर्टिफिकेट दोन्ही आपणहून सांभाळतो, आणि नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी तोच सुचवते.

'ट्रस्टेड प्रॉक्सीज' मध्ये आपण एकच पत्ता लिहिला हे अगदी योग्य केले. ४०० ची चूक घालवण्यासाठी अनेक जण तेथे सगळे पत्ते विश्वासार्ह ठरवतात. मग येणारा कोणीही 'एक्स फॉरवर्डेड फॉर' मध्ये खोटा पत्ता घालून पाठवू शकतो आणि होम असिस्टंट तो खरा मानते. चुकीच्या पासवर्डनंतर पत्ता बंद करण्याची सोय त्यामुळे निरुपयोगी होते, कारण पासवर्ड तपासून पाहणारा दर खेपेला नवा पत्ता सांगतो.

---

तेरणाकाठ (धाराशिव)

सर्व वाचले. एक मूलभूत शंका विचारतो, राग मानू नये. घरचे दोन-तीनच लोक वापरणार असतील तर सार्वजनिक दार ठेवावेच कशाला? फोनवर थेट वायरगार्ड किंवा टेलस्केल (वायरगार्डवरच आधारलेली सोपी व्हीपीएन सेवा) घातले तर प्रॉक्सी, डोमेन, सर्टिफिकेट यांपैकी कशाचीच गरज उरत नाही. मी माझ्या द्राक्षबागेतील ठिबकाचे व्हॉल्व्ह तसेच चालवतो. क्लाउडफ्लेअरच्या टनेलचाही पर्याय आहे, त्यात स्वतःचा सर्व्हर लागत नाही.

---

मांजराकाठ

राग कसला, हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा होता. दोघे-तिघेच वापरणार असतील आणि प्रत्येकाच्या फोनवर ते अॅप घालता येत असेल, तर आपला मार्ग माझ्या मार्गापेक्षा निश्चित चांगला आहे. जे दार बाहेर नाहीच, ते कोणी ठोठावू शकत नाही. माझ्याकडे अडचण बहिणीच्या फोनची आहे. तो कार्यालयाने दिलेला आहे आणि त्यावर व्हीपीएन घालण्याची परवानगी नाही, आणि मी प्रवासात असलो की मोटारीकडे तीच पाहते.

क्लाउडफ्लेअरच्या बाबतीत माझी हरकत एवढीच की आवरण त्यांच्या सर्व्हरवर उघडते, म्हणजे मजकूर त्यांच्या हाती उघडा येतो. खरे तर माझ्या व्हीपीएसवरही तो उघडतोच, आणि तोही शेवटी दुसऱ्याच्याच यंत्रावर चालतो, हे मला मान्य आहे.

---

पैठणगेट

त्यावर उपाय आहे. एन्जिनएक्सच्या 'स्ट्रीम' मॉड्यूलमध्ये 'एसएसएल प्रीरीड' वापरले तर सर्व्हर फक्त सुरुवातीचे नाव वाचतो आणि आवरण न उघडता सगळे जसेच्या तसे घरी पाठवतो. सर्टिफिकेट आणि त्याची गुप्त किल्ली घरच्या पायवर राहते, आवरण तेथेच उघडते. मात्र तेव्हा मूळ पत्ता हेडरमधून येत नाही, त्यासाठी 'प्रॉक्सी प्रोटोकॉल' दोन्हीकडे चालू करावा लागतो. मेहनत वाढते, परंतु घरात कॅमेरे असतील तर मी हीच पद्धत वापरीन.

आणखी एक गोष्ट सांगते, कारण पुष्कळ जण येथे गाफील राहतात. डोमेनचे नाव कोणाला सांगितले नाही म्हणजे ते कोणाला माहीत नाही असे होत नाही. लेट्स एन्क्रिप्टने दिलेले प्रत्येक सर्टिफिकेट सार्वजनिक नोंदवह्यांत लिहिले जाते आणि त्या नोंदवह्या कोणीही वाचू शकतो. आपल्या एन्जिनएक्सची नोंद उघडून पाहा.

---

मांजराकाठ

पाहिली. सर्टिफिकेट घेतले त्या दिवशी सायंकाळी सहानंतरच्या पहिल्या तासात तीसहून जास्त अनोळखी विनंत्या आहेत. काही वर्डप्रेसचे प्रवेशाचे पान मागत आहेत, काही पासवर्डच्या फाइली शोधत आहेत. माझ्या गावच्या टाकीची पातळी दाखवणाऱ्या पानावर हे घडत होते आणि दोन महिने मला त्याचा पत्ता नव्हता.

आज एवढे केले. डीएनएसच्या पद्धतीने वाइल्डकार्ड सर्टिफिकेट घेतले, त्यामुळे नोंदवहीत घराचे पूर्ण नाव दिसत नाही. नाव न सांगता नुसत्या आयपीवर येणाऱ्याला एन्जिनएक्स ४४४ देऊन, म्हणजे काहीही उत्तर न देता, जोडणी तोडतो. होम असिस्टंटमध्ये पाच चुकीच्या प्रयत्नांनंतर पत्ता बंद होण्याची सोय चालू केली आणि माझ्या व बहिणीच्या खात्याला दुसऱ्या टप्प्याचा सहा आकडी संकेत जोडला. बहिणीचे खाते प्रशासकाचे होते, ते साधे केले.

---

दुधनाकाठ

सर्टिफिकेट नव्वद दिवसांचे असते ना? ते संपत आल्यावर इमेल येतो का? माझ्या मित्राकडे असेच एकदा संपले आणि त्याला आठ दिवस कळलेच नाही.

---

पैठणगेट

नव्वद दिवसांचे असते. इमेल पूर्वी येत असे, परंतु जून २०२५ पासून लेट्स एन्क्रिप्टने तो पाठवणे बंद केले आहे. सर्टबॉट (सर्टिफिकेट आणणारा प्रोग्राम) स्वतः नूतनीकरण करतो, पण नवी फाइल आल्यावर एन्जिनएक्सला ती पुन्हा वाचायला सांगावे लागते. तो हुक (नूतनीकरणानंतर आपोआप चालणारी आज्ञा) लावला नाही तर फाइल नवी आणि दाखवले जाणारे सर्टिफिकेट जुने अशी स्थिती होते. आपल्या मित्राचे बहुधा तेच झाले असावे. होम असिस्टंटमध्येच सर्टिफिकेटची मुदत दाखवणारा सेन्सर जोडता येतो. तो जोडा आणि पंधरा दिवस उरले की फोनवर सूचना येईल असे करा.

---

मांजराकाठ

शेवटची नोंद देतो. 'डीएनएस' ची ओळ काढली आणि डीएस३२३१ बसवले. आयटूसी (पायच्या पिनांवरून मॉड्यूलशी बोलण्याची पद्धत) चालू करून पायच्या कॉन्फिगमध्ये त्याची एक ओळ घातली आणि खोटे घड्याळ चालवणारे, म्हणजे शेवटची वेळ फाइलमधून उचलणारे, पॅकेज काढून टाकले. काल सायंकाळी गावी वावटळीत लाईट गेली ती रात्री पावणेबाराला आली. मी नांदेडला नोंद उघडून बसलो होतो. राउटर उठायला दोन मिनिटे लागली आणि त्यानंतर अकरा सेकंदांत टनेल जोडला गेला. सहा मिनिटे थांबून मोटार सुरू झाली, टाकी भरल्यावर चिपने ती बंद केली.

सकाळी वडिलांचा फोन आला. टाकी भरलेली कशी, रात्री लाईट कधी आली होती, असे त्यांनी विचारले. ते रात्रभर झोपले होते.